‘सबकॉन्शस-ली’ कोरडं का वाटतं, आणि माउथपीस का घ्यायचं नाही

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहून ठेवतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दोन वर्षं आल्टो सॅक्सोफोन वाजवतोयस, चार्ली पार्करचे दोन सोलो उतरवून झालेत, तुझे सर म्हणाले जॅझमधल्या दुसऱ्या आल्टोवाल्याची, ली कोनिट्झची, सुरुवातीची छोट्या ग्रुपची रेकॉर्डिंग्ज ऐक, तू त्यातलं १९४९ चं ‘सबकॉन्शस-ली’ चार वेळा ऐकलंस आणि तुला ते "कुणीतरी गणिताचा पेपर सोडवतंय" असं वाटलं. मग तू विचारलंस की दादा मला नेमकं काय ऐकू येत नाहीये, आणि तसा हलका टोन काढायला कुठलं माउथपीस घेऊ. सोबत तुझ्या सेटअपचा फोटो टाकलायस.

माउथपीसचं आधी मिटवतो. घेऊ नकोस. मी घेतलं होतं. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेन तेव्हा, कोनिट्झचं वेड नुकतंच लागलेलं, कुणीतरी सांगितलं की तोंड अरुंद असलेलं माउथपीस आणि कडक रीड (माउथपीसवर बसते ती बोरूची पट्टी) लावली की तो पांढराफटक आवाज येतो. लग्नाच्या सीझनचे पैसे साठवून ते आणलं, साडेतीन नंबरची रीड लावली आणि महिनाभर घरात असा आवाज काढला की आईने विचारलं, बाळा पिपाणी बिघडली का. वर त्याच आठवड्यात एका हॉटेलात गिग होती, तिथे दुसऱ्या सेटला ओठ गेला, पुढचं सगळं फसफस. टोन त्याच्यासारखा आलाच नाही, कारण तो टोन प्लास्टिकच्या तुकड्यात नव्हता, त्या माणसाला डोक्यात काय ऐकू यायचं त्यात होता. ते कसं घडलं ते सांगतो, लांब आहे, चहा घेऊन बस.

कोनिट्झ शिकागोचा, १९२७ चा जन्म. बेनी गुडमन ऐकून अकराव्या वर्षी क्लॅरिनेट धरली, मग टेनर (आल्टोपेक्षा मोठा, खालच्या सुराचा सॅक्सोफोन), मग आल्टो. शिकागोतच पोरवयात त्याला लेनी ट्रिस्टानो भेटला. ट्रिस्टानो आंधळा पियानिस्ट, वयाने आठ वर्षांनी मोठा, आणि शिकवण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या जुन्या उस्तादांसारखा, म्हणजे शिष्याने काय ऐकायचं, काय नाही, सगळं ठरवणारा. त्याचा धडा असा असायचा की लेस्टर यंगचा एक सोलो घ्यायचा आणि तो गायचा. वाजवायचा नाही, लिहून काढायचा नाही, गायचा. रेकॉर्डबरोबर इतक्या वेळा गायचा की प्रत्येक सूर, प्रत्येक जागा, श्वास कुठे घेतलाय, सूर कुठे जरा खाली सोडलाय, सगळं तुझ्या गळ्यातून तसंच्या तसं आलं पाहिजे. त्यानंतर कुठे वाद्याला हात लावायचा. आपल्याकडे हे सांगायची गरज नाही, तालीम म्हणजे हेच, पण जॅझमध्ये १९४० च्या दशकात अशी शाळा काढून बसलेला माणूस विरळाच.

आता इथेच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. तू पार्करवरून कोनिट्झकडे आलास. त्या काळातला झाडून प्रत्येक आल्टोवाला पार्करच्या मागे धावत होता आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, पार्कर होताच तसा. कोनिट्झनेही पार्कर ऐकला, घोकला, त्याचं पुढे कौतुकही भरपूर केलं, पण वाजवताना त्याचा आदर्श टेनरवाला लेस्टर यंग होता. लेस्टरचा टेनरवरचा आवाजच मुळात हलका, हवेशीर, व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, अगदी कमी, आणि वाक्यं लांब. तो आवाज आल्टोवर आणला की तो आणखी बारीक, आणखी सरळ होतो. त्यामुळे पार्करच्या कानाने कोनिट्झ ऐकलास तर तुला फक्त काय काय गायब आहे तेवढंच ऐकू येईल. ब्लूजचा तो हुंदका नाही, सूर वाकवणं नाही, धार नाही. आधी आठवडाभर काउंट बेसीच्या बँडमधला लेस्टर ऐक, १९३६ चा ‘लेडी बी गुड’, १९३९ चा ‘लेस्टर लीप्स इन’, मग परत ये. माझा असा अनुभव आहे की निम्म्या पोरांची "कोरडं वाटतं" ही तक्रार तिथेच संपते.

एक अजून. आपल्याकडे पुण्या-मुंबईत जुन्या मंडळींना कूल, म्हणजे शांत, संयत जॅझचा आल्टो म्हटलं की पॉल डेझमंड आठवतो, साहजिक आहे, तो ज्यात होता ते डेव्ह ब्रूबेकचं क्वार्टेट १९५८ साली भारतात आलं होतं आणि मुंबईत वाजवून गेलं. डेझमंड मलाही प्रचंड आवडतो. पण डेझमंड गोड आहे, तो तुला वाक्याच्या शेवटी काहीतरी हातात देतो. कोनिट्झ, निदान १९४९ चा, काही देत नाही, तू त्याच्या मागे जायचं.

आता रेकॉर्डिंग. १९४८ हे जवळजवळ अख्खं वर्ष अमेरिकेत वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती. डिसेंबरात ती उठली आणि सगळे स्टुडिओकडे पळत सुटले. त्यात बॉब वाइनस्टॉक नावाचा वीस वर्षांचा पोरगा, न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड विकायचा, त्याने स्वतःचं लेबल काढलं ‘न्यू जॅझ’, तेच पुढे ‘प्रेस्टिज’ म्हणून गाजलं. त्या लेबलचं पहिलंवहिलं सेशन म्हणजे ११ जानेवारी १९४९ चं हे. नाव ट्रिस्टानोच्या क्विंटेटचं, पण पुढे लाँगप्लेवर कोनिट्झच्या नावाने आलं. माणसं बघ, आल्टोवर कोनिट्झ, पियानो ट्रिस्टानो, गिटार बिली बॉवर, बास अर्नोल्ड फिशकिन, ड्रम्स शेली मॅन. चार बाजू झाल्या, ‘प्रोग्रेशन’, ‘रेट्रोस्पेक्शन’, ‘जूडी’ आणि ‘सबकॉन्शस-ली’. कोनिट्झ तेव्हा एकवीस वर्षांचा. आणि बरोबर दहा दिवसांनी, २१ जानेवारीला, हाच पोरगा कॅपिटलच्या स्टुडिओत माइल्स डेव्हिसच्या नऊ जणांच्या बँडमध्ये बसलाय. ज्याला पुढे १९५७ च्या लाँगप्लेवर ‘बर्थ ऑफ द कूल’ असं नाव पडलं ते हे. म्हणजे लोक ज्याला कूल म्हणतात त्याचे दोन्ही झरे दहा दिवसांच्या अंतरावर आणि दोन्हीकडे हा माणूस हजर.

पण त्या दोन्हींत गल्लत करू नकोस, बरेच जण करतात. माइल्सचा नोनेट हा अरेंजमेंटचा खेळ आहे, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, जेरी मलिगन, गिल इव्हान्स, जॉन लुइस यांनी लिहिलेले मऊ थर. त्याची मुळं क्लॉड थॉर्नहिलच्या बँडमध्ये, जिथे गिल इव्हान्स अरेंजर होता आणि कोनिट्झ वाजवायचा. तिथे कूल म्हणजे रंग. ट्रिस्टानोच्या ग्रुपमध्ये रंगाची कुणाला पडलेली नाही, रंग मुद्दाम काढून टाकलाय, पांढऱ्या कागदावर शिसपेन्सिल. सगळा भार ओळीवर. (माइल्सला त्या वेळी काही कृष्णवर्णीय वादकांनी टोकलं होतं की गोऱ्या कोनिट्झला का घेतलंस, त्यावर त्याचं म्हणणं साधं होतं, कुणी असं वाजवत असेल तर त्याच्या कातडीचा रंग मला कशाला हवा.)

‘सबकॉन्शस-ली’ काय आहे? ट्रिस्टानोने दिलेला गृहपाठ! खरंच. कोल पोर्टरचं ‘व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह’ हे गाणं घ्यायचं, त्याचे कॉर्ड (धुनेखाली वाजणारे स्वरसमूह) ठेवायचे आणि वर नवीन धून लिहायची. शिष्याने लिहून आणली, गुरूला बरी वाटली, ग्रुपने वाजवायला घेतली. नावात ‘ली’ची कोटी आहे. त्या मंडळींना असल्या कोट्यांचा भारी नाद, ‘साउंड-ली’, ‘पालो आल्टो’, ‘आइसक्रीम कोनिट्झ’, ट्रिस्टानोचाच शिष्य टेनरवाला वॉर्न मार्श, त्याच्यावरून ‘मार्शमॅलो’, फिशकिनवरून ‘फिशिन अराउंड’. लोक म्हणतात हे फार गंभीर, डोकेबाज लोक होते, मला तर हे शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरांसारखे वाटतात.

कॉर्ड जुने आणि धून नवीन हा प्रकार बीबॉपवाल्यांनी, म्हणजे पार्करच्या वळणाच्या वेगवान जॅझवाल्यांनी, आधीच रूढ केला होता, त्यात पैशाचाही भाग होता, कारण हक्क धुनेवर असतो, कॉर्डवर नाही, म्हणजे मूळ संगीतकाराला काही द्यावं लागत नाही. आपल्याकडे नाट्यसंगीतात जुन्या बंदिशीची चाल घेऊन नवीन शब्द बसवले, तिथे चाल राहिली आणि शब्द बदलले, इथे तळघर तेच ठेवून वरचा वाडा नवीन. पण ट्रिस्टानोच्या पोरांच्या धुना आणि बीबॉपवाल्यांच्या धुना यात फरक आहे आणि तो कानाला पकडता आला पाहिजे. बीबॉपच्या हेडमध्ये, म्हणजे सोलोच्या आधी वाजणाऱ्या धुनेत, झटके असतात, वाक्य, थांबा, टोला. यांच्या हेडमध्ये सरळ आठव्या सुरांची लांबच लांब ओळ, जोर भलत्याच ठिकाणी, आणि तू श्वास घ्यावास अशा जागी ते श्वास घेत नाहीत. म्हणजे हेडच मुळी सोलोसारखं आहे. सोलो सुरू झाला की सांधा दिसत नाही.

तर आता ऐकायचं काय. टोन विसर. मात्रा मोज. गाणं बत्तीस बारचं (एक बार म्हणजे चार मात्रा), आठ-आठ बारचे चार तुकडे, पहिला-दुसरा सारखा, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. हे एक आवर्तन समज आणि पहिल्या बारची पहिली मात्रा म्हणजे सम. आता सरळ बोटावर मोजत बस आणि फक्त एवढंच बघ की कोनिट्झचं वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं. तुझ्या लक्षात येईल की आठव्या बारच्या शेवटी, जिथे तू आणि मी निमूटपणे वाक्य संपवून पुढच्या तुकड्याची वाट बघतो, तिथे तो वाक्याच्या मध्यावर असतो. समेवर येऊन उभा राहत नाही, समेवरून चालत जातो. आणि वाक्यातही जोर दर चौथ्या मात्रेला येत नाही, कधी तीन सुरांवर, कधी पाचावर, खाली बास बिचारा सरळ चार मोजतोय आणि वर हा दुसऱ्याच हिशोबाने चाललाय, तरी पडत नाही. हे ऐकू आलं की ते कोरडं वाटणार नाही, उलट छातीत धडधडायला लागेल. निदान मला लागलं. पुण्यात एका वरिष्ठ गिटारवाल्यांकडे कॅसेटवर ऐकत होतो, त्यांनी मला टेबलावर चार मात्रा ठोकायला लावल्या आणि मी दोन आवर्तनांत हरवलो. रेकॉर्डवरचे ते पाचजण हरवले नव्हते.

दुसरी गोष्ट स्वरांची. कॉर्ड म्हणजे सोप्या भाषेत सा ग प नि. त्याच्यावर उरतात रे, म, ध. कोनिट्झ वाक्य पुष्कळदा त्या वरच्या मजल्यावर नेतो आणि तिथेच सोडून देतो, खाली सा किंवा ग वर आणून बसवत नाही. पार्करही वर जायचा, पण तो खाली आला की पाय आपटून यायचा. म्हणून तुला "हा काही पूर्ण करत नाही" असं वाटत असणार. पूर्ण करतो, पुढच्या वाक्यात.

तिसरी, ड्रम्स. ट्रिस्टानोला ड्रमरने मध्ये बोललेलं आवडायचं नाही. शांत, एकसारखं, शक्यतो ब्रशने, घड्याळासारखं. कारण वर इतकी तिरपी मोजणी चाललेली असताना खाली कुणीतरी सरळ राहायला हवं, तबलजीने नुसता ठेका धरावा तसं. ही गोष्ट खरी की त्यामुळे ही रेकॉर्डिंग्ज पहिल्यांदा ऐकताना सपाट वाटतात, आणि माझं प्रामाणिक मत विचारशील तर कधी कधी ती आहेतही सपाट. शेली मॅनसारखा माणूस मागे असून त्याला काही बोलूच दिलं नाही असं मला अजून वाटतं. ट्रिस्टानोच्या भक्तांना हे आवडणार नाही, चालेल.

पुढचं सेशन जून १९४९. इथे टेनरवर वॉर्न मार्श आला, पियानोवर ट्रिस्टानोच्या जागी त्याचा शिष्य सॅल मॉस्का, ड्रम्सवर डेन्झिल बेस्ट. ‘टॉटॉलॉजी’ आणि ‘साउंड-ली’. मग सप्टेंबरला ‘मार्शमॅलो’ आणि ‘फिशिन अराउंड’, ड्रम्सवर जेफ मॉर्टन. ‘मार्शमॅलो’ म्हणजे ‘चेरोकी’चे कॉर्ड, चौसष्ट बारचं लांब आवर्तन, आणि त्या वेगात दोन सॅक्सोफोन एकत्र, असे की क्षणभर एकच वाद्य वाटावं. लोक याला जुगलबंदी म्हणतात, मला तो शब्द इथे पटत नाही. जुगलबंदीत थोडी खुमखुमी असते, तू हे केलंस, बघ मी काय करतो. कोनिट्झ आणि मार्शमध्ये चढाओढ नाहीच, एकाच गुरूकडे एकच लेस्टर गाऊन मोठे झालेले दोघे गुरुबंधू आहेत, एकाने वाक्य अर्धं सोडलं की दुसऱ्याला ते कुठे जाणार ते माहीत असतं. तरी मार्श वेगळा ऐकू येतो, त्याचा आवाज थोडा धुरकट, त्याची मोजणी कोनिट्झपेक्षाही वाकडी. एकदा कान बसले की तू दोघांना डोळे मिटून ओळखशील, सुरुवातीला चुकशील, मी पण चुकायचो.

त्याच वर्षी कॅपिटलसाठी ट्रिस्टानोच्या नावाने याच लोकांची आणखी सेशन्स झाली, मार्च आणि मे १९४९, ‘वाव’, ‘क्रॉसकरंट’, ‘मॅरिओनेट’, ‘सॅक्स ऑफ अ काइंड’. माझ्या मते वाजवण्याच्या सफाईत ती प्रेस्टिजच्यापेक्षा सरस आहेत, ‘वाव’ मधलं दोन सॅक्स आणि गिटारचं एकत्र वाजवणं ऐकून आजही हसायला येतं, इतकं नीट. आणि मे महिन्यातल्या सेशनच्या शेवटी दोन बाजू अशा झाल्या की कंपनीला कळेना काय करायचं त्यांचं. ‘इंट्यूशन’ आणि ‘डायग्रेशन’. सूर ठरलेला नाही, कॉर्ड नाहीत, लय नाही, ड्रमर नाही. फक्त कुणी कुणाच्या नंतर आत यायचं एवढं ठरलं होतं. बाकी एकमेकांचं ऐकून. कंपनीने ‘डायग्रेशन’ कित्येक वर्षं बाहेरच काढलं नाही. ऑर्नेट कोलमनचं ‘फ्री जॅझ’ रेकॉर्ड झालं १९६० च्या डिसेंबरात, म्हणजे हे त्याच्या अकरा वर्षं आधीचं, आणि कूल म्हणजे सुरक्षित, गुळगुळीत असं ज्याला वाटतं त्याला मी नेहमी हे तीन मिनिटांचं तुकडं ऐकवतो, काही बोलत नाही.

एप्रिल १९५० च्या सेशनवर मी जरा रेंगाळणार आहे कारण "भाव नाही" या तुझ्या तक्रारीचं उत्तर तिथे आहे. त्यात ‘पालो आल्टो’ आणि ‘आइसक्रीम कोनिट्झ’ आहेत, त्या चांगल्या आहेत, पण तू ‘यू गो टू माय हेड’ ऐक आणि ‘रिबेका’ ऐक. पहिलं जुनं संथ गाणं. संथ गाण्यात सॅक्सोफोनवाला काय करतो हे तुला माहितीये, आपण सगळे करतो, सूर खालून उचलायचा, शेवटी थरथरवायचा, हवा सोडायची, की समोर बसलेल्या काकू माना डोलावतात. फिल्मी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात मी पोटापाण्यासाठी वर्षानुवर्षं हेच केलंय, त्याबद्दल तक्रार नाही, तेही एक काम आहे आणि नीट जमायला कठीण आहे. कोनिट्झ यातलं काहीच करत नाही. सूर लावतो आणि तो तसाच उभा ठेवतो, सरळ. थरथर नाही म्हणजे लपायला जागा नाही, सूर किंचित जरी हलला तर उघडा पडतो. मला त्या सरळपणातच भाव ऐकू येतो, एखादा माणूस आवाज न चढवता खरं बोलतोय तसा. तुला येईल की नाही माहीत नाही, जबरदस्ती नाही. आणि ‘रिबेका’ तर फक्त आल्टो आणि बॉवरची गिटार, तिसरं कुणी नाही. बॉवरची गिटार इथे साथ नाही, दुसरा आवाज आहे. मार्च १९५१ मध्ये या दोघांनी अशी आणखी दोन केली, त्यातलं ‘इंडियन समर’ न चुकता ऐक.

त्याच मार्चमध्ये माइल्स डेव्हिस कोनिट्झच्या सेशनला पाहुणा म्हणून आला. ड्रम्सवर मॅक्स रोच. ‘एझ-थेटिक’ हे जॉर्ज रसेलचं, बॉक्सर एझर्ड चार्ल्सच्या नावावरून. कठीण धून, आणि मागे रोच असल्यामुळे सगळ्याला वेगळाच जीव आलाय. माइल्स इथे थोडा उपरा वाटतो खरा, पण दोघांचे सरळ, बिनथरथरीचे आवाज शेजारी शेजारी ऐकायला मिळतात.

आता मी माझ्या विद्यार्थ्यांना काय सांगतो ते सांगतो, तुझे सर रागावले तर माझं नाव सांगू नकोस. उलटीकडून ऐक. १९४९ पासून सुरू करू नकोस. १९५५ च्या जूनमध्ये अटलांटिकसाठी कोनिट्झ आणि मार्शने एक रेकॉर्ड केली, मागे पियानोवर मॉस्का, गिटार बॉवरच, पण बासवर ऑस्कर पेटिफर्ड आणि ड्रम्सवर केनी क्लार्क. म्हणजे बीबॉपची अस्सल, मातीतली ऱ्हिदम सेक्शन आणि वर हे दोघे तिरपे चालणारे. ‘टॉप्सी’ लाव. आपोआप पाय हलेल. मग ‘बॅकग्राउंड म्युझिक’. तिथे तुझ्या लक्षात येईल की ही ओळ स्विंग करते, आणि चांगलीच करते, मग १९४९ कडे मागे जा, आणि तीच गोष्ट शांत ड्रम्सच्या वर ऐक. पोरांचं डोकं याने उघडतं असा माझा गेल्या वीसेक वर्षांचा अनुभव.

मधे १९५३ चा एक थांबा घे. आणि हा माझा आवडता गृहपाठ आहे. १९४९ चं ‘साउंड-ली’ ज्या गाण्याच्या कॉर्डवर बेतलंय ते म्हणजे ‘टू मार्व्हलस फॉर वर्ड्स’. साडेतीन वर्षांनी, १९५३ च्या जानेवारीत, लॉस एंजेलिसमध्ये कोनिट्झ जेरी मलिगनच्या क्वार्टेटबरोबर वाजवला, चेट बेकर ट्रम्पेटवर, पियानो नाहीच, आणि तिथे त्याने ते मूळ गाणंच वाजवलं. दोन्ही एकामागून एक लाव. कॉर्ड तेच, माणूस तोच. पण मधल्या काळात तो स्टॅन केन्टनच्या बँडमध्ये गेला होता, तिथे मागे दहा जणांची पितळी फौज, त्यांच्यातून ऐकू जायचं तर आवाजाला मांस हवं. १९५३ चा आवाज भरीव झालाय, टोकदार झालाय, वाक्यांत मोकळेपणा आलाय. टोन माउथपीसने बदलतो की शेजारी कोण बसलाय त्याने, हे तिथे ऐकू येईल. आणि पियानो नसल्यामुळे मागे कॉर्ड कुणी दाखवत नाही, तरी त्याच्या एकट्याच्या ओळीतून गाणं कुठे पोचलंय ते कळतं. ते कळत नसेल तर आधी मूळ गाणं पाठ कर, शब्दांसकट. कोनिट्झ गाणी शब्दांसकट ओळखायचा, आणि जन्मभर तीच पंधरा-वीस गाणी पुन्हा पुन्हा वाजवायचा. लोक विचारायचे कंटाळा येत नाही का. आपल्याकडे यमन पन्नास वर्षं गाणाऱ्याला हे कुणी विचारत नाही.

शेवटचं, रियाज कसा. पुढे म्हातारपणी कोनिट्झ शिकवायचा त्यात एक पायऱ्यांची पद्धत होती, ती मी थोडी आपल्या भाषेत सांगतो. गाणं आहे तसं वाजव, एकही सूर जास्त नाही. मग दुसऱ्यांदा वाजवताना एखाददोन जागी एखादा सूर जोड. तिसऱ्यांदा अजून थोडे. असं करत करत दहाव्या फेरीला मूळ धून पूर्ण विरघळलेली असते आणि तू नवीन काहीतरी वाजवत असतोस, पण वाट तुटलेली नसते. ही सरळ सरळ बढत आहे. आपल्याकडे स्वरविस्तार करताना थेट तिसऱ्या मिनिटाला तान मारणाऱ्याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. तू पार्करचे दोन सोलो उतरवलेस ते उत्तमच, पण आता स्वतः वाजवताना त्यातले तुकडे बोटांतून आपसूक बाहेर पडत असणार, आपल्या सगळ्यांचेच पडतात, पाठ केलेली तान जागा दिसली की निघून जाते. ट्रिस्टानोच्या शाळेचा सगळा झगडा या एका गोष्टीशी होता. बोटांना आधीच माहीत असलेलं वाजवायचं नाही. ‘सबकॉन्शस-ली’ मधली ती जी किंचित ओढाताण, ते जे तुला गणित वाटलं, ते तिथून आलंय. एकवीस वर्षांचा पोरगा रेकॉर्डिंग चालू असताना, तीन मिनिटांची तबकडी, चूक झाली तर पुसता येत नाही, आणि तरी तयार माल काढायचा नाही म्हणून हट्ट धरून बसलाय. त्याच्या वाजवण्यात घाम आहे, फक्त तो पुसून स्टेजवर आलाय.

तर तुझ्यासाठी पुढचे दोन महिने. एक लेस्टरचा सोलो निवड, एकच, मोबाइलवर वेग निम्मा कर आणि गा. वाद्य पेटीत. पूर्ण गाता आला की वेग वाढव. मग ‘व्हॉट इज धिस थिंग’ शब्दांसकट पाठ कर, त्यावर ती दहा पायऱ्यांची बढत, मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, अगदी संथ. इतकं संथ की कंटाळा यावा. त्यानंतर त्याच कॉर्डवर स्वतःची एक धून लिही, सोळा बार झाले तरी चालतील, आणि मला रेकॉर्ड करून पाठव. मग ‘सबकॉन्शस-ली’ पाचव्यांदा ऐक आणि काय वाटलं ते सांग. न आवडल्यास तसंही सांग.

आणि फोटोत तुझ्या रीडचा उजवा कोपरा तुटलेला दिसतोय. ती आजच बदल, अडीच नंबरची घे.